ऑड्सलच्या प्रवेशद्वारावरील जमाखर्च

ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या नावाने १९०७ साली स्थापन झालेल्या आणि १९९६ पासून ब्रॅडफर्ड बुल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यॉर्कशायरमधील रग्बी लीग संस्थेच्या जयपराजयांची हकीकत या स्मरणिकेत अन्यत्र विस्ताराने येत असल्यामुळे, प्रस्तुत लेखकाने आपल्या वाट्याला तिच्या प्रवेशद्वारापुरताच विषय मागून घेतला आहे. कोणास किती पैशांत आत सोडले, कोण आला, कोण आला नाही, आणि एकट्यादुकट्या पुरुषाऐवजी सबंध कुटुंब मैदानावर यावे म्हणून संस्थेच्या कारभाऱ्यांनी निरनिराळ्या काळी कोणत्या युक्त्या योजिल्या, एवढ्याचाच हा वृत्तांत आहे. करंडकांच्या कपाटापेक्षा तिकिटांच्या खिडकीजवळ उभे राहिल्यास संस्थेची खरी प्रकृती लवकर कळते, अशी लेखकाची समजूत आहे.

मुंबईच्या जिमखान्यावर पंधरा-पंधरा गड्यांची रग्बी पाहिलेल्या वाचकास प्रथम इतके सांगणे अवश्य आहे की, ब्रॅडफर्डची रग्बी ती नव्हे. उत्तर इंग्लंडातील गिरण्यांत आणि खाणींत राबणारा खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडून आला म्हणजे त्याची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा मागणारी दरखास्त रग्बी युनियनच्या लंडन येथील सभेने १८९३ साली बहुमताने फेटाळली, आणि दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमलेल्या उत्तरेकडील क्लबांनी आपली निराळी नॉर्दर्न युनियन उभारली. बुडालेल्या दिवसाबद्दल सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास त्या युनियनने मोकळीक दिली. पुढे १९०६ मध्ये गड्यांची संख्या तेरावर आणून खेळ अधिक मोकळा आणि प्रेक्षणीय करण्यात आला. नियमांतील या फेरफाराच्या मुळाशीही प्रेक्षकच होता, कारण खेळाडूस द्यावयाचे सहा शिलिंग अखेर दारावर वसूल होणाऱ्या पैशांतूनच निघावयाचे होते. अभिजनांच्या क्लबास वर्गणी पुरे. मजुरांच्या क्लबास तिकीट हाच वसूल आणि तिकीट हीच सनद.

ब्रॅडफर्ड हे त्या काळी लोकरीच्या व्यापाराचे जागतिक केंद्र होते. कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांस शनिवारी दुपारी दोनला सुट्टी देण्याचा कायदा १८५० मध्येच झाला होता, व शनिवार दुपारचा हा मोकळा तुकडा पुढील अर्धशतकात मैदानांनी व्यापला. सहा पेनी हा त्या काळी उत्तरेकडील मैदानांवरचा रूढ दर होय. स्त्रियांना अनेक ठिकाणी फुकट अथवा अल्प दरात प्रवेश मिळे, आणि त्या येतही असत. तेव्हा कुटुंबांना मैदानावर आणण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणा विक्रीतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाली, असे मानण्याचे कारण नाही. ती जुनीच होती. मध्यंतरी तिचा विसर पडला होता, इतकेच.

दारावरच्या वसुलीची सत्ता किती निष्ठुर असू शकते, हे ब्रॅडफर्डने आरंभीच पाहिले. नॉर्दर्न युनियनचे पहिले अजिंक्यपद मिळविणारा मॅनिंगहॅम क्लब याच शहरातला. तो १९०३ मध्ये रग्बी सोडून असोसिएशन फुटबॉलकडे वळला आणि ब्रॅडफर्ड सिटी झाला. चार वर्षांनी पार्क ॲव्हेन्यूवरील मूळ ब्रॅडफर्ड क्लबाच्या चालकांनीही तोच मार्ग धरला. फुटबॉलला गर्दी अधिक, उत्पन्न अधिक, हा त्यांचा सरळ हिशेब होता. हिशेबाच्या दृष्टीने त्यांस दोष देणे कठीण आहे. परंतु रग्बीवर जीव असलेल्या अल्पसंख्य सभासदांनी या निर्णयास ‘महाविश्वासघात’ असे नाव दिले, आणि मैदान, तिजोरी व लौकिक ही तिन्ही प्रतिपक्षाकडे राहिलेली असता, ग्रीनफील्ड येथील उसन्या जागेत ब्रॅडफर्ड नॉर्दर्नची स्थापना केली. म्हणजे प्रस्तुत संस्थेचा जन्मच मुळी गेटच्या उत्पन्नावरून झालेल्या भांडणातून झाला. दुसऱ्याच वर्षी ती बर्च लेनवर गेली आणि तेथे पाव शतक हलाखीत राहिली.

संस्थेचे पुढील घर, म्हणजे ऑड्सलचे मैदान, १९३४ च्या सप्टेंबरात खुले झाले. शहराच्या दक्षिणेस एका जुन्या खाणीच्या खळग्यात महापालिका केरकचरा टाकीत असे. स्वच्छताखात्याचे प्रमुख अर्नेस्ट कॉल यांच्या देखरेखीखाली त्याच घरगुती राखेचा आणि केराचा भराव घालून खळग्याच्या बाजूंना उतरण दिली गेली, आणि एक विस्तीर्ण द्रोण तयार झाला. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरणारा प्रेक्षक कड्याच्या माथ्यावर उभा राहतो व मैदान त्याला खोल तळाशी दिसते. या रचनेचे दोन परिणाम संस्थेच्या पुढील सर्व इतिहासावर झाले. पहिला हा की, तेथे माणसे मावण्यास जवळजवळ मर्यादाच नव्हती. दुसरा हा की, थोडी माणसे आली असता ती तेथे दिसतच नसत. आणि पेनाइन टेकड्यांवरून येणारा जानेवारीचा वारा, उघड्या पायऱ्या व चिखल यांमुळे लहान मूल कडेवर घेऊन तेथे यावे असे कोणत्याही शहाण्या आईला वाटले नसते. स्थापत्याच्या दृष्टीने ऑड्सल हे पुरुषांचे, ओव्हरकोटांचे आणि उभे राहण्याचे मैदान होते.

महायुद्धानंतरच्या वर्षांत या गोष्टींकडे पाहण्याची गरज कोणास भासली नाही. १९४७, १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ तीन वर्षे संस्था चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यासाठी वेम्ब्लीस गेली व त्यांपैकी दोनदा करंडक घेऊन आली. १९५३ च्या मार्चमध्ये हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यास ऑड्सलवर ६९,४२९ माणसे होती. पुढच्या वर्षी, ५ मे १९५४ रोजी, हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांच्यातील अनिर्णीत अंतिम सामना तेथे पुन्हा खेळला गेला, तेव्हा अधिकृत नोंद १,०२,५६९ ची झाली. नोंदीबाहेर कुंपणावरून आलेल्यांची गणती निराळी. अशा दिवसांत तिकिटाचा दर कोणासाठी किती असावा याचा खल कोण करणार? सरकार मात्र आपला वाटा चोखपणे घेत होते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली बसविलेला करमणूक कर खेळांच्या मैदानांवरून १९५७ पर्यंत हटला नाही. मुंबई इलाख्यात त्याच धर्तीचा कायदा १९२३ मध्ये आला, तेव्हा नाट्यगृहांच्या चालकांनी केलेली कुरकुर ज्यांनी ऐकली असेल, त्यांना यॉर्कशायरच्या खजिनदारांचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको.

यानंतर जो ऱ्हास झाला, त्याचा वेग आजही विस्मय उत्पन्न करतो. एकोणसत्तर हजारांच्या त्या सामन्यास पुरती अकरा वर्षेही लोटली नव्हती, तोच २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बॅरोविरुद्धच्या सामन्यास त्याच द्रोणात ३२४ प्रेक्षक होते. डिसेंबरच्या दहा तारखेस संस्थेने हंगामाच्या मध्यावरच खेळ थांबविला. कारणे अनेक सांगितली जातात: संघ निकृष्ट झाला होता, घरोघर दूरचित्रवाणी आली होती, शनिवारची दुपार आता मोटारीने बाहेर जाण्यात किंवा बाजारहाटात जाऊ लागली होती. लेखकाच्या मते शेवटचे कारण सर्वांत वजनदार आहे. नवरा मैदानावर आणि बायको घरी, ही जुनी वाटणी मोडून सुट्टीचा दिवस कुटुंबाने एकत्र घालविण्याची चाल पडत होती, आणि अशा वेळी जे ठिकाण केवळ कुटुंबातील एकाच माणसाला बोलावते, ते इतर सर्वांच्या विरोधास पात्र होते. तिकीट स्वस्त होते. तरीही कोणी आले नाही.

जो फिलिप्स आणि ट्रेव्हर फॉस्टर या दोन जुन्या खेळाडूंनी १९६४ च्या एप्रिलात सेंट जॉर्ज हॉलमध्ये सभा बोलाविली, सुमारे पंधराशे नागरिकांनी तेथे मदतीचे वचन दिले, आणि ऑगस्टात नव्या संस्थेचा पहिला सामना पाहण्यास चौदा हजारांवर लोक आले. ही मंडळी त्याच शहरातील होती, ज्या शहरातून नऊ महिन्यांपूर्वी तीनशे चोवीस जण आले होते. मेलेल्या संस्थेबद्दल माणसाला जितकी कळकळ वाटते, तितकी जिवंत संस्थेबद्दल क्वचितच वाटते. ब्रॅडफर्डच्या कारभाऱ्यांनी या मनुष्यस्वभावाचा उपयोग पुढेही करून घेतला, तो प्रसंग यथाकाल येईलच.

पुनरुज्जीवनानंतर पडलेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे रविवारचा सामना होय. १९६७ च्या डिसेंबरात ब्रॅडफर्डने यॉर्कविरुद्ध रविवारी सामना खेळविला. त्या काळी व्यावसायिक रग्बी लीगमध्ये ही नवलाई होती, आणि रविवारच्या पावित्र्याचे रक्षण करणाऱ्या मंडळींनी तिजविरुद्ध जोराची हाकाटी केली. अडचण धर्माची होती तशीच कायद्याचीही होती. १७८० सालच्या अधिनियमान्वये रविवारी पैसे घेऊन लोकांना करमणुकीस आत सोडणे बेकायदा होते, आणि तो अधिनियम कागदोपत्री जिवंत होता. १९७४ मध्ये फुटबॉलवाल्यांवर हीच पाळी आली तेव्हा त्यांनी प्रवेश विनामूल्य ठेवून, कार्यक्रमपत्रिका विकत घेतल्यावाचून मात्र कोणास आत येता येऊ नये, आणि तिची किंमत नेमकी तिकिटाएवढी असावी, अशी तोड काढली. इंग्रजांच्या कायदेप्रेमाचा याहून सुंदर नमुना सापडणे कठीण. परंतु कायद्याची ही गंमत बाजूस ठेवली तरी, रविवार पत्करल्याने मैदानाचा दिवस प्रथमच कुटुंबाच्या दिवसाशी जुळला, हे विसरता कामा नये.

दिवस जुळला, तरी ऋतू जुळला नव्हता. तो जुळण्यापूर्वी शेजारच्या एका लहान गावाने ब्रॅडफर्डला धडा घालून दिला, त्याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. कीथली हे ब्रॅडफर्डच्या वायव्येस असलेले गिरण्यांचे गाव. तेथील दुय्यम श्रेणीतला, खंगलेला क्लब १९९१ मध्ये मिक ओनील आणि माइक स्मिथ यांच्या हाती आला. त्यांनी क्लबाला ‘कूगर्स’ हे अमेरिकन वळणाचे नाव दिले, मैदानावर संगीत वाजविले, शुभचिन्हाच्या वेषातला माणूस मुलांत फिरविला आणि खेळाडूंना गावातील शाळांशी जोडून दिले. शेकड्यांत मोजली जाणारी गर्दी हजारांत गेली. १९९५ मध्ये कीथलीने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपदही मिळविले. पण त्याच एप्रिलात दूरचित्रवाणीच्या पैशावर सुपर लीग या नव्या वरिष्ठ स्पर्धेचा तहनामा झाला, आणि ज्यांनी तिचा अर्धा कार्यक्रम आधीच अमलात आणून दाखविला होता, त्या कीथलीकरांनाच तीत स्थान मिळाले नाही.

या तहनाम्याने पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लक्ष पौंड खेळात यावयाचे होते, आणि त्याच्या मोबदल्यात शंभर वर्षे हिवाळ्यात खेळलेला खेळ १९९६ पासून उन्हाळ्यात आणावयाचा होता. बहुतेक क्लबांनी पैसा घेतला आणि उन्हाळा सोसला. ब्रॅडफर्डचे अध्यक्ष ख्रिस केझ्ली यांनी उन्हाळा हीच खरी मिळकत मानली. ‘नॉर्दर्न’ हे अवघ्या इतिहासाने भारलेले नाव टाकून ‘बुल्स’ हे नाव घेण्यात आले, तेव्हा वृद्ध सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले असल्यास नवल नाही; आणि संस्थेचा लोकसंग्रह पीटर डीकिन या ओल्डमच्या गृहस्थाकडे सोपविण्यात आला. डीकिन यांनी अमेरिकेतील व्यावसायिक खेळांची मांडणी जवळून अभ्यासली होती. ऐंशी मिनिटांचा खेळ विकावयाचा नसून तीन-चार तासांची सहल विकावयाची आहे, हे त्यांचे सूत्र होते. बुलमन आणि बुलबॉय ही शुभचिन्हे, नृत्य, आतषबाजी, ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक खेळाडूचे गर्जनापूर्वक आगमन, सामना संपल्यावर मुलांना सह्या देण्यासाठी थांबणारे खेळाडू, असा तो सारा थाट असे. जुन्या खोडांना हा तमाशा वाटे, आणि खरे सांगावयाचे तर त्यातील काही भाग तमाशाच होता.

परंतु तिकिटांचा प्रश्न याच ठिकाणी मार्मिक रीतीने सुटला, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. ऑड्सलसारख्या द्रोणात आणखी हजार माणसे आल्याने संस्थेचा खर्च जवळजवळ वाढत नाही. खेळाडूंचे वेतन, दिवे, गवत, पोलीस बंदोबस्त यांचा मुख्य भार आधीच पडलेला असतो, आणि पंगत मांडून झाल्यावर दोन पाटांवर आणखी दोन मुले बसविली तर यजमानास जेवढे जड जावे, तेवढेच ते जड. तेव्हा मुलाच्या तिकिटापासून किती पैसे मिळाले हे पाहणे व्यर्थ. पाहावयाचे ते हे, की त्या मुलाने कोणास ओढून आणले. खेळाडू शाळेत जाई, वर्गात चेंडू फिरवी, मुलांशी बोले, आणि मैदानाचे निमंत्रण देऊन येई. मूल एकटे येऊ शकत नसे. त्याच्याबरोबर बाप येई, पुष्कळदा आई येई, कधी आजोबाही येत. मुलाचा प्रवेश नाममात्र ठेवला असता मोठ्यांची तिकिटे पूर्ण दराने खपत. आणि चौघांच्या कुटुंबास तिकिटांचा एकच ठोक दर सांगितला म्हणजे घरातून निघण्यापूर्वीच त्या दिवसाचा खर्च मनात धरता येई. खाद्यपेये व बुल्सचा अंगरखा यांचे उत्पन्न त्यावर निराळे. मनुष्य एकटा आला तर सामना पाहून जातो. मुलांसह आला तर काहीतरी विकत घेतल्याशिवाय त्यास परत जाता येत नाही, हे सर्व देशांतील जत्रा भरविणारांना ठाऊक आहे.

दैवानेही साह्य केले. रॉबी पॉल हा न्यूझीलंडहून आलेला वीस वर्षांचा तरुण कर्णधार १९९६ च्या वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात तीन ट्राय करून सामनावीर ठरला. सेंट हेलेन्सने तो सामना ४०-३२ असा जिंकला, तरी ब्रॅडफर्डच्या शाळांतून त्या पराभवाने जे काम केले, ते एखाद्या नीरस विजयाने झाले नसते. हिवाळी दिवसांत पाच हजारांच्या आसपास रेंगाळणारी सरासरी गर्दी त्या पहिल्या उन्हाळ्यात दहा हजारांवर गेली, आणि १९९७ मध्ये, संघाने पहिले वीस सामने ओळीने जिंकून अजिंक्यपद मिळविले त्या वर्षी, पंधरा हजारांवर. या वाढीपैकी किती श्रेय विजयांना, किती हवेला आणि किती दरपत्रकाला, याची जमाबंदी कोणासच करता येणार नाही. लेखकाचा कल हवेकडे आहे. जूनमध्ये यॉर्कशायरात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. मुलाला थंडी वाजत नाही, पायऱ्या कोरड्या असतात, आणि ज्या मैदानाच्या पायऱ्या बव्हंशी उघड्याच राहिल्या त्याला छपराची गरजही उरत नाही. डीकिन पुढे सॅरसेन्स, वॉरिंग्टन आणि सेल येथे गेले, जेथे गेले तेथे त्यांनी गर्दी जमविली, आणि २००३ मध्ये अकाली वारले.

तरीही या उत्सवात एक मोठी उणीव होती, आणि गौरवाच्या ग्रंथात ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५० नंतर मीरपूर, पंजाब आणि गुजरात येथून गिरण्यांत कामास आलेल्या लोकांची दुसरी आणि तिसरी पिढी ब्रॅडफर्डमध्ये वाढत होती. त्यांची मुले त्याच शाळांत होती, खेळाडू त्याच वर्गांत जात होते. पण रविवारी ऑड्सलच्या पायऱ्यांवर ते चेहरे फार थोडे दिसत. १९९५ मध्ये लीड्सचा इक्रम बट्ट इंग्लंडच्या संघातून खेळला व पुढे त्याने ब्रिटिश आशियाई रग्बी संघटना उभारली. क्लबांनीही आपापल्या परीने प्रयत्न केले. परंतु बिअरच्या पेल्यांभोवती रचलेल्या दुपारीस जे कुटुंब परके आहे, त्याला तिकिटाची सूट आपलेसे करू शकत नाही.

२००१ आणि २००२ या दोन हंगामांत संस्था ब्रॅडफर्ड सिटीच्या व्हॅली परेड या मैदानावर पाहुणी होती. २००३ मध्ये ती ऑड्सलला परतली आणि त्याच वर्षी चॅलेंज कप, लीगमधील अग्रस्थान व ग्रँड फायनल ही तिन्ही तिने जिंकली. त्या वैभवाचे वर्णन अन्यत्र आहे. येथे इतकेच नमूद करावयाचे की विजयाच्या काळात दर हळूहळू वर गेले, खेळाडूंची वेतने त्याहून भरभर वर गेली, आणि २००५ नंतर विजय थांबले तेव्हा दोन्ही खाली आणणे अवघड होऊन बसले.

अशा वेळी शेजारधर्माने पुन्हा एक उदाहरण समोर ठेविले. व्हॅली परेडच्या ब्रॅडफर्ड सिटीने २००७ मध्ये, चौथ्या श्रेणीत घसरल्यावर, सबंध हंगामाचे तिकीट १३८ पौंडांवर आणले, आणि त्या श्रेणीत कोठेही न दिसणारी, सरासरी तेरा हजारांवरची गर्दी जमविली. २०१५ मध्येही तिने १४९ पौंडांचा दर जाहीर केला. बुल्सनी २०११ च्या हंगामासाठी हीच कल्पना थोडी फिरवून घेतली. पुरेशा लोकांनी आगाऊ वचन दिले तर हंगामाचे तिकीट फार अल्प किमतीत देऊ, असा तो कौल होता. लोकांनी वचन दिले, आणि पायऱ्या पुन्हा भरू लागल्या.

येथे खजिनदाराच्या चष्म्यातून पाहणे भाग आहे. हंगामाचे तिकीट म्हणजे पुढील वर्षाचे उत्पन्न आज हाती येणे. शरद ऋतूत ती रोकड येते, तेव्हा मागील वर्षाची देणी दारात उभी असतात. ती भागविण्यात नवे पैसे गेले, की मार्चमध्ये मैदान भरलेले आणि तिजोरी रिकामी, असे विचित्र दृश्य दिसते. स्वस्त तिकिटाने आलेला मनुष्य वर्षभर प्रत्येक सामन्यास हक्काने बसतो, पण त्याच्याकडून दारावर आता काही वसूल व्हावयाचे नसते. २०१२ च्या आरंभी ऑड्सलचा भाडेपट्टा खेळाच्या मध्यवर्ती संघटनेने विकत घेतला. मार्चमध्ये संस्थेने तातडीने पाच लक्ष, आणि एकंदर दहा लक्ष पौंड हवे असल्याचे जाहीर केले. १९६४ चा मनुष्यस्वभाव पुन्हा जागा झाला: पहिली पाच लक्षांची रक्कम लोकांनी खरोखरीच जमा करून दिली, त्यांतील पुष्कळांनी त्या वर्षीचे तिकीट आधीच घेतलेले असताना. जूनमध्ये तरीही संस्था प्रशासकांच्या ताब्यात गेली. सप्टेंबरात तिची सूत्रे हाती घेणारे ओमर खान हे ब्रॅडफर्डमधील उपाहारगृहांच्या धंद्यातले उद्योजक होते. ज्या समाजाला मैदानावर आणणे संस्थेस साधले नव्हते, त्यातीलच एक गृहस्थ अशा रीतीने तिचा मालक झाला.

पुढील हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे व थोडक्यातच सांगितलेली बरी. २०१४ मध्ये दुसऱ्यांदा प्रशासक आले आणि वरची श्रेणी गेली. २०१७ च्या जानेवारीत जुनी कंपनी दिवाळखोरीत निघून नव्या कंपनीने बारा गुण वजा होऊन हंगाम सुरू केला. ऑड्सलचा खर्च न परवडल्यामुळे २०१९ च्या अखेरीस संघ ड्यूजबरीस गेला व २०२१ मध्ये परत आला. ज्या कुटुंबास रविवारी दुपारी बसने मैदान गाठता येत होते, त्यास ड्यूजबरीचे अंतर मैलांत थोडे असले तरी मुलांसह ते अवघड होते, आणि त्या काळात दर कितीही ठेवले असते तरी गर्दीत फारसा फरक पडला नसता.

२०२६ च्या हंगामासाठी सुपर लीगची चौदा संघांपर्यंत वाढ झाली, तेव्हा ब्रॅडफर्डला तीत पुनश्च स्थान मिळाले, आणि मुलांचे दर, कुटुंबाचे दर, शाळांचे दर यांचा खल नव्या कारभाऱ्यांपुढे आला. ज्या उन्हाळ्याच्या भरवशावर १९९६ चे दरपत्रक बेतले होते, तो मात्र दरम्यानच्या काळात हळूहळू मागे सरकला आहे. सामने वाढले, दूरचित्रवाणीच्या गरजा वाढल्या, आणि मार्चअखेरीस सुरू होणारा हंगाम आता फेब्रुवारीच्या मध्यास, दिव्यांच्या उजेडात सुरू होतो. ऑड्सलच्या पायऱ्यांवर त्या दिवसांत वारा १९६३ च्या नोव्हेंबरात होता तसाच असतो, आणि मुलांना किती कपडे घालावेत याचा निर्णय तिकिटाच्या दरापूर्वी करावा लागतो.